भाऊंच्या तोंडाचा डावा कोपरा

भाऊंच्या तोंडाचा डावा कोपरा उजव्यापेक्षा थोडा वर आहे. थोडा म्हणजे किती, यावर मतभेद आहेत. भाऊंच्या मते तो मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाही, आणि लोकांच्या मते तो रस्त्याच्या पलीकडून दिसतो. त्यातच डावी भुवई जन्मापासून त्या कोपऱ्याला सामील आहे. कोपरा वर गेला की तीही उठते. उजवी बाजू मात्र बिचारी जड, खाली उतरलेली, कशातच भाग न घेणारी. या सगळ्याचा एकत्रित परिणाम असा, की भाऊ कायम कुणाच्या तरी फजितीवर मनातल्या मनात हसतायत असं वाटतं.

प्रत्यक्षात भाऊ हसरे नाहीत. ते उदास प्रकृतीचे गृहस्थ आहेत. सकाळी उठल्यावर आज काय बिघडणार याचा अंदाज घेतात आणि संध्याकाळी तो बरोबर आला म्हणून खिन्न होतात. पण हे सांगून कुणाला पटत नाही. पाणीपुरवठा कार्यालयात त्यांना तक्रारींच्या खिडकीवर बसवलं होतं. नळाला पाणी नाही म्हणून वैतागलेला माणूस रांगेत उभा राहून राहून खिडकीपाशी येई, आत डोकावे आणि म्हणे, "हसताय काय?" भाऊ म्हणत, "मी हसत नाहीये." त्यावर रांगेतले मागचेही पुढे येऊन बघत आणि म्हणत, "हसतोय की!" शेवटी साहेबांनी त्यांना आतल्या खोलीत जुन्या नकाशांच्या कपाटांशेजारी टेबल दिलं. नकाशांची काही तक्रार नव्हती.

इतकं सगळं भाऊंनी सोसलं होतं. माणूस स्वतःच्या तोंडाला हळूहळू सरावतो. पण मग ताईचे यजमान गेले.

ताई म्हणजे भाऊंची थोरली बहीण, सख्खी आणि एकुलती. तिचे यजमान, भाऊंचे मेहुणे, हा जगातला एकच माणूस होता ज्याला भाऊंचा चेहरा मनापासून आवडे. ते म्हणत, "वाईट बातमी सांगायला या गृहस्थाला पाठवत जा. अर्धी तिथेच हलकी होते." भाऊंना सायकल त्यांनीच शिकवली, भाऊंनी आयुष्यातला पहिला रेडिओ त्यांच्याबरोबर उघडला, आणि तो पुन्हा जोडता न आल्यामुळे ताईची बोलणीही दोघांनी मिळून खाल्ली. ते गेल्यावर भाऊ आतून पार मोडून गेले. बाहेरून मात्र त्यांचा डावा कोपरा जागच्या जागी होता.

मेहुण्यांच्या कार्यालयात शोकसभा झाली. पुढच्या रांगेत ताई, तिच्या मागे भाऊ. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला आणि कार्यतत्परतेने सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिला. फोटोत सगळे माना खाली घालून उभे होते. फक्त ताईच्या खांद्यावरून एक चेहरा नेमका वर बघत होता, आणि त्या चेहऱ्यावर, लपवता लपत नव्हतं असं हसू होतं.

"तू हसत होतास," ताई म्हणाली.

"अगं ताई, माझं तोंडच तसं आहे. तुला लहानपणापासून माहीत आहे."

"ते गेले आणि तू माझ्या मागे उभा राहून हसत होतास. पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

भाऊंनी फोन केले, तिने घेतले नाहीत. एकदा ते तिच्या दारापर्यंत गेले. आतून रेडिओचा आवाज येत होता. बेल वाजल्यावर तो बंद झाला, आणि दार उघडलं नाही. भाऊ जिना उतरून खाली आले तेव्हा पानाच्या टपरीवरच्या माणसाने विचारलं, "काय, खुशीत दिसताय?"

त्या दिवशी भाऊंनी ठरवलं की हे तोंड सरळ करून घ्यायचं, आणि मग ताईकडे जायचं.

हा बेत त्यांनी फक्त बायकोला सांगितला होता. पण त्यांच्या इमारतीच्या भिंती पातळ आणि माणसं परोपकारी. तळमजल्यावर एक निवृत्त कंपाउंडर राहतात. आयुष्यभर डॉक्टरांच्या पलीकडच्या खोलीत बसून औषधाच्या पुड्या बांधल्यामुळे, डॉक्टर काय चुकतात हे आपल्याला नेमकं ठाऊक आहे, असा त्यांचा समज होता. त्यांनी भाऊंना जिन्यातच गाठलं, हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली आणि निदान केलं. "तुम्ही डाव्या बाजूने चावता. त्यामुळे ती बाजू तयार झाली. उजवी बसून खाते आहे."

भाऊ उजव्या बाजूने चावू लागले. तिथली दाढ किडकी होती, तिची आठवण पहिल्या घासाला झाली. मग कंपाउंडरांनी फुगे फुगवायला सांगितले. भाऊ संध्याकाळी गच्चीत बसून, पन्नाशी उलटलेला गृहस्थ ज्या गांभीर्याने फुगे फुगवू शकतो तेवढ्या गांभीर्याने, फुगे फुगवत. वरच्या मजल्यावरच्या काकू योगाचे वर्ग घेत. त्यांनी जीभ बाहेर काढून डोळे वटारण्याचा व्यायाम दिला आणि तो खिडकीत उभं राहून, मोकळ्या हवेत करायला सांगितलं. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी दुसऱ्या दिवशी खिडकीला जाड पडदा लावला. भाऊंच्या बायकोशी त्या अजूनही तुटक बोलतात.

मिशा ही भाऊंची स्वतःची कल्पना होती. मिशांनी दोन्ही कोपरे झाकून टाकायचे, म्हणजे वर कुठला आणि खाली कुठला हा प्रश्नच मिटला. मिशा आल्या. पण त्या ओठाच्या कलाने आल्या. आधी भाऊंचं फक्त तोंड हसत होतं, आता मिशाही हसू लागल्या.

"काढा त्या," बायको म्हणाली. "आता तर तुम्ही कुणाचं तरी घर बळकावून आल्यासारखे दिसता."

किडक्या दाढेसाठी दंतवैद्याकडे गेले असताना भाऊंनी सहज म्हणून विषय काढला. दंतवैद्य उत्साही होता. त्याने भाऊंचा जबडा हातात घेऊन दोन्हीकडे हलवून पाहिला आणि म्हणाला, "मूळ हाडातच फरक आहे. आधी दातांना तारा लावू. मग जबडा कापून थोडा सरकवता येईल."

"सरकवता येईल?" भाऊंना घरातलं गोदरेजचं कपाट आठवलं. ते सरकवलं तेव्हा फरशी फुटली होती. ते खुर्चीतून हळूच उठले. दंतवैद्याने मग एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. तिथे म्हणे कापाकापी न करता चेहरे नीट करत.

त्या दवाखान्यात सगळं पांढरं होतं आणि जिकडे तिकडे आरसे होते. माणसाने आत शिरतानाच स्वतःबद्दल नाराज व्हावं अशी सोय होती. बाकावर तरुण मुलंमुली बसली होती, आणि भाऊंच्या नजरेला त्यातल्या एकाच्याही चेहऱ्यात दुरुस्त करण्यासारखं काही दिसेना. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट कुठे आहे काका? मुलगी येते आहे का मागून?"

"पेशंट मीच," भाऊ म्हणाले, आणि त्यांना वाटलं आपण गुन्हा कबूल केला.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचे फोटो काढले. मग संगणकावर चेहऱ्याचे दोन भाग करून दोन नवे चेहरे बनवले, एक दोन्हीकडे डावा, एक दोन्हीकडे उजवा. पहिला माणूस कसल्यातरी लबाडीत यशस्वी झाला होता. दुसऱ्याच्या आयुष्यात जे जे वाईट घडायचं ते सगळं घडून गेलं होतं. भाऊ बराच वेळ दुसऱ्याकडे बघत राहिले. हा आपल्या जास्त ओळखीचा आहे, असं त्यांना वाटलं.

"कुणाचाच चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचा फरक जरा जास्त आहे इतकंच. खालच्या बाजूला फिलर भरून उठाव आणता येतो, तो वर्षभर टिकतो. त्वचेखालून दोरे घालून गाल वर ओढता येतो. पोटावरची चरबी काढून गालात घालता येते."

भाऊंनी नकळत पोटावर हात ठेवला.

"नाहीतर बोटॉक्स. कोपरा वर ओढणारा जो स्नायू आहे त्याला अगदी थोडं औषध टोचायचं, तो सैल पडतो. तीन-चार महिन्यांत उतरतं. पण खरं सांगू का? तुमच्या वयाला हे काही न करता चालेल. तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"मला दुःखी दिसायचंय," भाऊ म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. दिवसभर लोकांना टवटवीत करणारी ती बाई. तिला कुणी हे मागितलं नव्हतं.

"म्हणजे नेहमी नाही," भाऊंनी घाईने खुलासा केला. "प्रसंगी. घरात मृत्यू झालाय आणि मी हसल्यासारखा दिसतो. एवढं थांबलं तरी पुरे."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले. अगदी थोडं औषध टोचलं आणि सूचना दिल्या. आज आडवं व्हायचं नाही, आणि काहीही झालं तरी गाल चोळायचा नाही. फरक पडायला काही दिवस लागतील.

सूचना भाऊंनी तंतोतंत पाळल्या असत्या. पण जिन्यात कंपाउंडर उभे होते. भाऊंच्या गालावर सुई टोचल्याच्या खुणा होत्या, थोडी सूज होती. उपचाराचं नाव घ्यायची भाऊंना लाज वाटली, म्हणून ते म्हणाले, "गांधीलमाशी चावली." हे ऐकताच कंपाउंडरांच्या अंगात पूर्वीची नोकरी संचारली. त्यांनी भाऊंना घरात ओढलं, खुर्चीत दाबून बसवलं आणि विष उतरवायचं म्हणून गरम टॉवेलने तो गाल असा रगडला, की भाऊंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "नको, नको," भाऊ म्हणत होते. पण चेहरा हसरा असल्यामुळे कंपाउंडरांना वाटलं गुदगुल्या होतायत.

औषध जिथे थांबायचं तिथे थांबलं नाही. त्याच आठवड्याच्या शेवटी भाऊ सकाळी उठले आणि आरशासमोर गेले. डावा कोपरा उतरला होता. नुसता उजव्याच्या रांगेत आला नव्हता, तर त्याच्याही खाली घसरला होता. चहा प्याला की त्यातला थोडा बनियनवर येई. ओठ नीट मिटेनात, त्यामुळे ओठांनी बोलायची सगळी अक्षरं गेली. पाणीपुरवठ्यात जन्म काढलेल्या माणसाला पाणी म्हणता येईना. ते 'फाणी' म्हणू लागले. फोनवर कुणी "कोण बोलतंय?" विचारलं तर स्वतःचं नावसुद्धा 'वाऊ' असं बाहेर पडे आणि पलीकडचा माणूस घाबरून फोन ठेवी.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "चोळलंत ना? आता उतरेपर्यंत धीर धरा. दुसरा इलाज नाही."

भाऊ धीर धरायला घरी आले. बायको बाजारात गेली होती. भाऊंना इमारतीच्या दारातच कंपाउंडरांनी पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून किंकाळीसारखा एकच शब्द निघाला, "झटका!"

मग जे झालं त्यात भाऊंना काहीच करता आलं नाही. चार दारं उघडली. एक खुर्ची आली. भाऊंना त्यात बसवून टॉवेलने बांधलं. काकूंच्या मुलाची गाडी इमारतीच्या मागच्या आवारात होती आणि तिकडे जायचा रस्ता गच्चीच्या जिन्याशेजारून की मागच्या दाराने, यावर भाऊंना अधांतरी धरून चर्चा झाली. भाऊ जिवाच्या आकांताने ओरडत होते, "मी बरा आहे! बरा!" ते बाहेर 'वरा, वरा' असं येत होतं.

"वर न्या म्हणतायत," कुणीतरी म्हणालं.

खुर्ची वर निघाली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची धरणारे दमले. भाऊ पुन्हा म्हणाले, "वरा!"

"अजून वर?"

काकूंचे डोळे भरून आले. त्या भाऊंचा हात धरून म्हणाल्या, "असं वरचं काय बोलता भाऊ? अजून तुमचं वय काय!"

खाली फाटकाशी भाजीच्या पिशव्या घेऊन बायको आली तेव्हा तिचा नवरा गच्चीच्या दारापाशी, खुर्चीला बांधलेला, दहाबारा माणसांच्या घोळक्यात बसला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आयुष्यात पहिल्यांदा खरं दुःख दिसत होतं. तिने कुणाला काही समजावलं नाही. वर येऊन टॉवेल सोडला, नवऱ्याला हाताला धरून घरी नेलं आणि दार लावून घेतलं. मग ती ओट्यापाशी उभी राहून हसली की रडली, हे ती पाठमोरी असल्यामुळे भाऊंना कळलं नाही. विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

कार्यालयात तर आणखी वेगळं. हजेरीच्या यंत्राने भाऊंचा चेहरा ओळखायला नकार दिला. साहेबांनी त्यांना समोर बसवलं, पंखा वाढवला आणि हळुवारपणे म्हणाले, "तुम्ही आजारपणाची रजा टाका."

"वला काही झालेलं नाही, साहेव."

"मग तसा डॉक्टरांचा दाखला आणा."

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पक्षाघात झाला असेल तर झाला म्हणून लिहून देता येतं. न झाल्याचा दाखला देण्याची पद्धत नाही. भाऊ परत आले. साहेब म्हणाले, "काही झालेलं नसेल तर तोंडाचं काय झालं, ते तरी लिहा." खरं कारण लिहायचं म्हणजे सौंदर्योपचार हा शब्द लिहायचा, आणि तो कागद चार टेबलांवरून फिरणार. भाऊंनी मान खाली घालून आजारपणाची रजा टाकली. निरोप द्यायला सगळे दारापर्यंत आले. शिपायाने डबाही हातात घेऊ दिला नाही. इतक्या वर्षांत भाऊंना तिथे एवढं प्रेम कधी मिळालं नव्हतं, आणि ते सगळं नसलेल्या आजाराला मिळत होतं. रिक्षात बसल्यावर त्यांना फार एकटं वाटलं.

घरी बसून दिवस जाईना. भाऊ खिडकीशी बसत, हनुवटीखाली रुमाल धरत आणि विचार करत, की आता चेहरा हवा तसा झालाय, पण तो घेऊन ताईकडे जायचं कसं? जाऊन काय म्हणायचं? 'वघ ताई, वी दुःखी आहे'?

आणि एका दुपारी बेल वाजली. दारात ताई उभी होती.

ती वाळली होती. हातात कापडी पिशवी होती आणि केस घाईने बांधलेले होते. भाऊंच्या बायकोकडे तिने पाहिलंही नाही. सरळ आत आली, भाऊंसमोर खुर्ची ओढून बसली आणि त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"काय करून घेतलंस रे हे?"

"ताई, अगं, हे तसं नाही—"

"बोलू नकोस. त्रास होतो तुला."

भाऊंना इतका आनंद झाला की त्यांना मोठ्याने हसावंसं वाटलं. पण चेहरा हलेना. जिथे हसू हवं होतं तिथे तो दगडासारखा उदास राहिला आणि डोळ्यांतून तेवढं पाणी वाहिलं. ताईने पदराने ते पुसलं, ओठाच्या कोपऱ्यातली लाळ पुसली, आणि पिशवीतून तेलाची बाटली काढली. "रोज येणार आहे मी. चोळलं की सुटतो हा गाल. माझ्या सासूबाईंचा सुटला होता."

चोळायला डॉक्टरीणबाईंनी सक्त मनाई केली होती. भाऊंनी गाल पुढे केला.

ताई रोज दुपारी येऊ लागली. ती चोळायची आणि बोलायची. घरात आता किती शांत असतं, एका माणसाचा स्वयंपाक नीट होतच नाही, रेडिओ दिवसभर चालू ठेवते पण काय लागलंय ते ऐकत नाही. यजमानांचा चष्मा अजून खिडकीत तसाच आहे, त्याच्यावर धूळ बसते, ती पुसते. भाऊ गप्प बसून ऐकत. मध्ये बोलता येत नसल्यामुळे ते पहिल्यांदाच तिचं सगळं ऐकत होते. रात्री बायको म्हणे, "सांगून टाका तिला. किती दिवस फसवणार?" भाऊ म्हणत, "उद्या." दुसऱ्या दिवशी ताई यायची, पिशवी खाली ठेवायची, आणि त्यांचा धीर व्हायचा नाही.

औषध उतरू लागलं. पहिल्यांदा 'प' परत आला. मग चहा बनियनवर सांडायचा थांबला. आणि एके दिवशी चोळता चोळता ताईचा हात थांबला.

"उचलला," ती म्हणाली. "कोपरा उचलला."

ती त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा हळूहळू बदलला. तिने बोटं मागे घेतली आणि तेलाचा हात पदराला पुसला.

"त्या दिवशी असाच होता," ती म्हणाली.

भाऊ घाईने म्हणाले, "ताई, मी हसत नव्हतो गं."

"माहीत आहे रे मला."

"मग?"

"मला कुणावर तरी चिडायचं होतं. जे गेले त्यांच्यावर चिडून ऐकणार कोण? तू मागे उभा होतास." ती बाटलीकडे बघत म्हणाली, "अजूनही मधूनच तो फोटो आठवला की वाटतं, हसत होतास. वाटतं खरं. मी काय करू त्याला?"

 आता लपवण्यात अर्थ नव्हता. ते म्हणाले, "मलाही एक सांगायचंय. मला झटका वगैरे काही आला नव्हता. मी तोंडात, म्हणजे गालात—"

"इंजेक्शन घेतलंस. ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या बायकोने. मी पहिल्यांदा आले त्याच्या आदल्या दिवशी, फोनवर. अर्धा तास हसत होती."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला.

भाऊंचा अपमान झाला होता. इतके दिवस आपण फसवत नव्हतो, आपल्याला फसवलं जात होतं, आणि तेही तेल लावून. ते ताठ बसले. "मग रोज येऊन चोळत कशाला होतीस?"

ताईने बाटलीचं झाकण लावलं. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "दुपारी घरी बसवत नाही मला. दुपारीच गेले ना ते. आणि तुझ्याकडे नुसतं यायचं तर काय तोंडाने येणार होते?" तिने पिशवी मांडीवर घेतली. "आता बरा झालास. आता काय."

बाहेर ऊन कलायला लागलं होतं. भाऊंनी जबडा दोन्हीकडे हलवून पाहिला. तो पूर्वीइतकाच चांगला आणि पूर्वीइतकाच वाकडा चालत होता. डावा कोपरा आपोआप वर गेला. त्यांनी तो हाताने खाली दाबला आणि शक्य तेवढ्या आजारी आवाजात म्हणाले, "उजवीकडे अजून जड वाटतं गं."

"उजवीकडे इंजेक्शन दिलंच नव्हतं तुला," ताई म्हणाली.

"तरी वाटतं."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवली, खुर्ची उजव्या बाजूला ओढून घेतली आणि हातावर तेल ओतलं.